चार महिन्यांचं सरकार

आमच्या घरात खिडकीपाशी एक आरामखुर्ची आहे. आमचे हे जेवण झालं की तिच्यात बसतात आणि बसल्या बसल्या घोरायला लागतात. त्यांच्या बुडाखाली, काथ्या आणि गोणपाटाच्याही खाली, खुर्चीच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलीनं लिहिलेलं आहे, ‘कामगार पक्ष कधीही फुटणार नाही.’ पुढं त्या पक्षाचे तीन तुकडे झाले. तिसऱ्या तुकड्याचे आणखी दोन. ह्यांची झोप काही मोडली नाही.

ते अक्षर आमच्या खालच्या मजल्यावरच्या खुर्चीवाल्या काकांचं. जुन्या खुर्च्या, सोफे, बाकं उसवायची, स्प्रिंगा बदलायच्या, नवा काथ्या भरायचा आणि नवं कापड चढवून द्यायचं, हा त्यांचा धंदा. गल्लीत त्यांना सगळे वेधशाळा म्हणतात. तोंडावर काका, पाठीमागं वेधशाळा. वेधशाळेनं आज लख्ख ऊन म्हणून सांगितलं की शहाणा माणूस छत्री घेऊन बाहेर पडतो, तसं आमचं या काकांच्या बाबतीत होतं.

त्यांच्या दुकानाची एक रीत आहे, वडिलांनी घालून दिलेली. कापड चढवण्याआधी सांगाड्याच्या लाकडावर तारीख टाकायची. पुढं कधीतरी ती खुर्ची उघडणाऱ्याला कळावं, की आपल्याआधी इथं कोणाचा तरी हात फिरून गेलाय. वडील नुसती तारीख टाकायचे. काकांना तेवढ्यानं चैन पडेना. ते तारखेखाली राजकारणाचं एक वाक्य टाकायला लागले. कोण येणार, कोण पडणार, कोण कोणाचा गळा धरणार. सगळं ठाम, सगळं पेन्सिलीनं आणि सगळं चुकीचं.

असं कापड पंधरा-वीस वर्षं टिकतं. मग खुर्ची परत येते. उसवायचा दिवस म्हणजे गल्लीची करमणूक. कोपऱ्यावरचा वाणी दुकानाला कडी घालून येतो, मी वरून काहीतरी निमित्त काढून उतरते. काका जुनं कापड ओढतात, धुरळा उडतो, आतून केसांच्या पिना, बटणं, पेनांची टोपणं निघतात. मग लाकूड फडक्यानं पुसायचं आणि ज्याच्या डोळ्यावर चष्मा असेल त्यानं मोठ्यानं वाचायचं. शाळेच्या मुख्याध्यापकांच्या खुर्चीत निघालं होतं, ‘नदीवर पूल होणार नाही, लिहून घ्या.’ ती खुर्ची हातगाडीवरून आली होती, त्याच पुलावरून. न्यायाधीशांच्या खुर्चीत निघालं, ‘अर्थमंत्री हेच पुढचे पंतप्रधान.’ त्या अर्थमंत्र्यांना तुरुंगात धाडलं ते याच न्यायाधीशांनी, याच खुर्चीत बसून.

“काका,” वाणी म्हणायचा, “तुमच्यावर बसूनच निकाल दिला की हो!”

“माझा अंदाज बरोबर होता,” काका म्हणायचे. “माणूस चुकला.”

हे सगळं ते ओठांच्या एका कोपऱ्यातून बोलायचे, कारण दुसऱ्या कोपऱ्यात खिळे असायचे. या धंद्यात बारीक खिळे मूठभर तोंडात धरतात, जिभेनं एकेक पुढं आणतात, हातोड्याच्या लोहचुंबकाच्या तोंडावर चिकटवतात आणि ठोकतात. देशाचं भवितव्य आम्ही कायम असं खिळ्यांच्या फटीतून ऐकलं. कोणी त्यावर विश्वास ठेवायचं नाही. उलट वाण्याचा हिशेब सरळ होता. काका म्हणतील ते होणार नाही, एवढं धरून चालायचं. तो कधी फसला नाही.

या काकांना एक भाऊ, बारा वर्षांनी धाकटा. म्हणजे भाऊ कमी आणि मुलगा जास्त. काकांनी स्वतः लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचे, “पुढच्या वर्षी.” तेही त्यांच्या बाकीच्या अंदाजांसारखंच निघालं. धाकट्याचं मात्र हौसेनं लावून दिलं. नवी सून आली ती गल्लीची ‘धाकटी’ झाली. दुकानात मागच्या बाजूला शिलाई मशीन आहे, त्यावर ती उशांच्या खोळी शिवायला बसायची. हात असा सरळ, की काका कौतुकानं म्हणायचे, “हिची शिवण बघून पट्टी सरळ करून घ्यावी.” वर्षभरात मुलगी झाली. तेव्हा माझंही लग्न नवं होतं आणि सासूला चुकवायला खालच्या दुकानाइतकी दुसरी सोयीची जागा नव्हती. त्यामुळे जे सांगतेय ते बरंचसं डोळ्यांनी बघितलेलं आहे. उरलेलं वाण्याकडून, म्हणजे तेही बघितल्यासारखंच.

धाकट्याचा हात चालायचा, पण जीभ त्याहून जास्त. कामगारांच्या सभांमध्ये बोलायचा. मग एक नवा पक्ष निवडून आला. आधी वर्तमानपत्रं पातळ झाली, मग सभा बंद झाल्या, मग सभांत बोललेल्यांना एकेक करून ‘जरा चौकशीला’ बोलवायला लागले. गेलेले लवकर परत येईनात. धाकट्याच्या शेजारी बसून टाळ्या घेणारा छापखानेवाला गेला, तेव्हा घरात ठरलं, की सीमेपलीकडे निघायचं. तिघांनीही.

निघायच्या दिवशी दुपारी मी दुकानात होते. दाराशी दोन बॅगा. एक त्याची, दुसरी धाकटीची, मुलीच्या कपड्यांनी फुगलेली. काका डॉक्टरांच्या दवाखान्यातलं बाक मढवत होते, पेशंट बसतात ते लांबलचक. तोंडात खिळे. धाकटा समोर येऊन उभा राहिला.

“दादा, किती दिवस चालेल हे?”

काकांनी हातोडा खाली ठेवला नाही. डावा हात वर केला आणि चार बोटं दाखवली.

“आठवडे?”

मान हलली. नाही.

“वर्षं?”

मान एवढ्या जोरात हलली, की तोंडातले खिळे वाजले.

“महिने?”

“हं.” मग काकांनी खिळे तळहातावर काढून घेतले. एवढी किंमत ते फार थोड्या विषयांना द्यायचे. “थंडी संपायच्या आत पडतंय. यांच्यात तीन गट आहेत, एकमेकांना खातील. चार महिने. पुढं एक दिवस नाही.”

वाणी दारात उभा होता. त्यानं माझ्याकडे बघून डोळा मारला. आम्हाला सवयीचं होतं.

धाकट्यानं दाराशी ठेवलेल्या बॅगांकडे बघितलं. मग बायकोकडे वळला. “ऐकलंस? चार महिन्यांसाठी पोरीला डोंगरातून कशाला ओढायची? तू राहा इथंच. दादा आहे.”

धाकटी मुलीला कडेवर घेऊन उभी होती. ती नवऱ्याकडे बघेना, काकांकडे बघायला लागली. तिला या घरात येऊन दोनच वर्षं झाली होती. कुठल्या खुर्चीत काय लिहिलंय, तिला काय ठाऊक.

“भाऊजी, नक्की?”

“अगं, लिहून देतो,” काका म्हणाले. आणि खरंच त्यांनी कानावरची पेन्सिल काढून त्या बाकाच्या लाकडावर लिहून दिलं. त्यावर गोणपाट, त्यावर काथ्या, त्यावर हिरवं रेक्झिन. संध्याकाळपर्यंत सगळं झाकलं गेलं.

तिनं आपली बॅग उचलून आत नेली. धाकटा संध्याकाळच्या बसनं एकटा गेला.

त्या सरकारनं अठरा वर्षं राज्य केलं.

थंडी संपली तेव्हा सरकार पडलं नाही, सीमा बंद झाली. धाकट्याचा फोन वाण्याकडे यायचा. आधी दर आठवड्याला, मग महिन्याला, मग कधीतरी. वाणी हाक मारायचा, धाकटी हातातलं काम टाकून धावायची, आणि आम्ही बाकीचे गिऱ्हाईक असल्यासारखे तिथं डाळी-तांदूळ चिवडत उभे राहायचो. एकदा ती बोलत असताना पलीकडून तान्ह्या मुलाचं रडणं ऐकू आलं. वाण्यालाही आलं, म्हणजे तिला आलंच असणार. तिनं फोन ठेवला.

“काय म्हणाले?” वाण्यानं विचारलं.

“बरे आहेत म्हणाले,” ती म्हणाली आणि अर्धा किलो साखर मागितली.

यावर ती पुन्हा कधी काही बोलली नाही. माणूस परक्या मुलुखात एकटा पडला, रस्ता बंद झाला, होतं असं, एवढंच तिनं मनाशी धरून घेतलं असावं. शाळेत मुलीचं नाव घालताना, माहेरची माणसं आली तर, कोणी नवा भाडेकरू विचारायला लागला तर, तिचं वाक्य ठरलेलं होतं. “ते चार महिन्यांसाठीच गेले होते. सरकारनं अडकवलं.” हे चार महिने कोणी सांगितले होते, ते तिनं कधी उच्चारलं नाही. काकांना एका शब्दानं बोल लावला नाही.

तिनं लावला असता तर बरं झालं असतं. काकांनी लाकडावर लिहिणं सोडलं. तारीख टाकायची आणि गोणपाट ओढून घ्यायचं. निवडणुका आल्या, म्हणजे त्या सरकारच्या काळात जशा यायच्या तशा आल्या, आम्ही खोदून खोदून विचारलं, तर म्हणायचे, “मला काय कळतंय.” वाण्याचं तर नुकसानच झालं. काय होणार नाही, हे कळायचा त्याचा एकमेव मार्ग बंद पडला.

आणि काकांच्या बोलण्यातून चार हा आकडा गेला.

हे माझ्या लक्षात यायला वर्ष लागलं. धाकटीला माप सांगताना ते म्हणायचे, “तीन फूट बारा इंच.” मला आधी वाटलं, धंद्यातली काही पद्धत असेल. मग ऐकलं, “तीन स्प्रिंगा दे. अजून एक दे.” चहाची वेळ झाली का, तर, “साडेतीन वाजून गेले, अर्ध्या तासानं.” ती मुलगी त्यांच्याच मांडीवर बसून आकडे शिकली. पहिलीत गेल्यावर बाईंनी धाकटीला बोलावून घेतलं. पोरगी म्हणत होती, एक, दोन, तीन, तीन आणि एक, पाच.

धाकटी घरी येऊन म्हणाली, “बाई म्हणतात हुशार आहे.” बस.

मला असल्या गोष्टीत गप्प बसवत नाही. एकदा मुद्दाम विचारलं, “काका, टेबलाला पाय किती असतात हो?”

“पुरेसे,” काका म्हणाले आणि खिळा ठोकला.

मागं मशीनवर धाकटी हसली. मला वाटतं हसली. मशीनच्या आवाजात नक्की कळलं नाही. पण त्या दुकानात ती दोघं सतरा-अठरा वर्षं एका खोलीत बसून काम करत होती, आणि कामाशिवाय त्यांच्यात जे काही बोलणं झालं ते एका खोळीत मावलं असतं. “गोट अर्धा इंच वाढव.” “दोरा संपलाय.” “मुलीला ताप आहे.” “डॉक्टरांना बोलावतो.” भांडण नाही, रुसवा नाही. काकांनी त्या मुलीला वाढवलं, शिकवलं, डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरीला लागली तेव्हा पहिल्या दिवशी सोबत गेले. मुलगी त्यांना मोठेबाबा म्हणते. या सगळ्यात आनंद होता का? दुकान वेळेवर उघडायचं आणि वेळेवर बंद व्हायचं, एवढं मी सांगू शकते.

सरकार पडलं ते कोणाच्याही अंदाजात नसताना पडलं. एका सकाळी टीव्हीवर अठरा वर्षं बघत आलो तोच तो सरकारचा माणूस आला, कागद वाचला आणि गेला. रस्त्यावर गाड्यांचे भोंगे सुरू झाले. लोक अनोळखी माणसांच्या गळ्यात पडत होते. आमचे हेही एका बाईच्या पडले, ते मी नंतर बघून घेतलं. मी धावत खाली गेले.

“काका, पडलं!”

काकांनी तोंडातले खिळे एकेक करून तळहातावर काढले. “कोण पडलं?”

“अहो, कोण काय! सरकार! सरकार पडलं!”

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता हे रडणार, किंवा नाचणार, किंवा निदान खाली बसणार. मागचं मशीन थांबलं होतं.

“हं,” काका म्हणाले. मग म्हणाले, “आलीच आहेस तर हे गोणपाट धर जरा. त्या बाजूनं सुटतंय.”

मी धरलं. त्यांनी ठोकलं. मशीन पुन्हा सुरू झालं. बाहेर भोंगे वाजत होते आणि आत आम्ही तिघं एका सोफ्याची पाठ ताणत होतो.

दोनेक महिन्यांनी सीमा उघडली, आणि धाकटा आला. बस स्टँडवर कोणी गेलं नव्हतं, त्यानं दिवस कळवलाच नव्हता. दुकानाच्या दारात एक टक्कल पडलेला, चांगल्या कोटातला माणूस उभा राहिला आणि म्हणाला, “दादा, सोफा मढवायचाय.” काकांनी माप घ्यायला पट्टी उचलली. मग चेहरा बघितला. पट्टी खाली ठेवली.

त्याला बसायला स्टूल दिलं. मुलगी कामावरून आल्यावर पाहुण्यांच्या कपातून चहा घेऊन आली.

“तुम्ही साखर घेता का?” तिनं विचारलं.

“घेतो की,” धाकटा म्हणाला. “बापाला विचारतात का असं?”

“मोठेबाबा घेत नाहीत, म्हणून विचारलं,” ती म्हणाली आणि साखर घालून गेली.

तो आठवडाभर राहणार होता. तिकडचं बिऱ्हाड आहे हे त्यानं लपवलं नाही, दोन मुलगे आहेत म्हणाला. धाकटीनं त्यांची नावं विचारली, शाळा विचारली. रात्री तो दुकानातल्या सोफ्यावर झोपायचा, एका गिऱ्हाइकाच्या. गल्लीनं त्याला डोक्यावर घेतलं होतं. दुपारी लोक भेटायला यायचे, तोही कोट घालून बसायचा आणि तिकडच्या रस्त्यांच्या, पगारांच्या गोष्टी सांगायचा. धाकटी मशीनवर असायची. मला वाटतं तिला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती. त्यानं चार माणसांत एकदा म्हणावं, की मी चार महिन्यांसाठीच निघालो होतो. तेवढ्यावर तिचं पुढचं भागणार होतं.

कल्पना वाण्याची. डॉक्टरांच्या दवाखान्यातलं ते बाक अजून होतं, हिरवं रेक्झिन फाटून काथ्या बाहेर आला होता. वाण्यानं डॉक्टरांना पटवलं, बाक हातगाडीवर घातलं आणि दुकानाच्या दारात आणून उभं केलं.

“हे काय?” काका म्हणाले.

“ओळखलं नाही? धाकट्यासमोर उघडायचं. गंमत हो!”

“आत्ताच कशाला?”

“दादा, उघड की,” धाकटा म्हणाला. “मलाही बघू दे.”

काकांनी हत्यार घेतलं आणि खिळे उपटायला सुरुवात केली. घाई केली नाही, लांबवलंही नाही. आम्ही सात-आठ माणसं दाटीवाटीनं उभी. रेक्झिन निघालं, काथ्या निघाला, एक थर्मामीटर निघाला, त्यावर वाणी म्हणाला, “बघा, यांचा ताप किती जुना आहे ते.” सगळे हसले. गोणपाट निघालं. काकांनी फडकं घेतलं, पण पुसलं नाही. तेव्हा वाण्यानंच पुसलं, चष्मा चढवला आणि सभेत वाचावं तसं वाचलं, “थंडी संपायच्या आत पडणार. चार महिने. पुढं एक दिवस नाही.”

हशा पिकला. आपल्या गल्लीची सवय. सगळ्यांत मोठ्यानं हसला धाकटा. हसता हसता त्यानं डोळे पुसले आणि काकांच्या पाठीवर थाप मारली.

“अरे, दादाचं ऐकून आजवर कोणी काही केलंय का! लहानपणापासून बघतोय मी. दादानं चार बोटं दाखवली तेव्हाच म्हटलं, हे वीस वर्षं हलत नाही. तशी तयारी करूनच गेलो मी.”

मशीन थांबलं.

हसणं एकदम बंद होत नाही. पुढचे गप्प झाले, मागच्यांना कळायला वेळ लागला. धाकटीनं खोळ मशीनखालून काढली, दोरा तोडला.

“तुम्हाला माहीत होतं?” तिनं विचारलं. आवाज नेहमीचाच, दोरा संपलाय म्हणताना असतो तसा.

“माहीत म्हणजे... अंदाज होता.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तुला सांगितलं असतं तर तू आली असतीस,” धाकटा म्हणाला. हे त्यानं वाईट मनानं म्हटलं नाही. ऐकणाऱ्याला पटावं असं काहीतरी साधं सांगावं, तसं म्हणाला. मग आमचे चेहरे बघितले आणि पुढं जोडलं, “वाट वाईट होती. मूल लहान होतं. पकडले गेलो असतो.”

“हो,” धाकटी म्हणाली. “मूल लहान होतं.”

तिनं सुई सारखी केली, पुढची खोळ घेतली, पाय मारला. मशीन सुरू झालं. मला खूप काही बोलता येतं, माझी त्यासाठी ख्याती आहे. मी म्हटलं, “काका, बाकाला कापड कोणतं घालणार, पुन्हा हिरवंच का?”  वाण्यानं चष्मा काढून खिशात ठेवला, दुकान उघडं राहिलंय म्हणाला आणि गेला. त्याला कडी घालताना मी स्वतः बघितलं होतं.

धाकटा आठवडा पूर्ण करून गेला. यावेळी धाकटी बस स्टँडवर गेली होती. परत आली आणि मशीनवर बसली. गल्लीत आम्ही वाट बघत होतो, की आता काहीतरी होईल. ती आजारी पडेल, काही टाकून बोलेल, निदान माहेरी जाऊन येईल. काही झालं नाही. फक्त परवा नवा भाडेकरू आला, त्याच्या बायकोनं विचारलं, “तुमचे मिस्टर कुठं असतात?” तर धाकटी म्हणाली, “परदेशात.” आणि पुढचं वाक्य आलंच नाही. मी जिन्यात उभी राहून थोडा वेळ त्याची वाट बघितली.

काकांना मी एकटं गाठलं. बाकाच्या स्प्रिंगा बांधत होते.

“काका, सुटलात की हो! अठरा वर्षं उगाच अंगाला लावून घेतलंत. तुमच्या चार बोटांनी काही झालंच नव्हतं. तो जाणारच होता.”

“हं. सुटलो.”

“मग तोंड असं का?”

त्यांनी गाठ आवळली, दात लावून दोरी तोडली. “ती माझ्यामुळं अडकली होती ना, तोवर तो परत येणार होता,” ते म्हणाले. “तिच्या लेखी. आता मी सुटलो.”

मी दोरीचं रीळ त्यांच्याकडे सरकवलं. 

पुढच्या महिन्यात निवडणूक आहे. पहिली खरी. वाणी रोज दुकानात डोकावतो. “काका, एवढं एकच सांगा. कोण येणार नाही तेवढं तरी! देशाला गरज आहे तुमची.” काका मान हलवतात. तोंडात खिळे असतात, तेवढं निमित्त पुरतं.

काल बाक पुरं होत आलं. मी खाली गेले तेव्हा काका लाकडावर तारीख टाकत होते. खाली ते जुनं वाक्य तसंच होतं, खोडलं नव्हतं, पुसलं नव्हतं. वरून नवं गोणपाट ओढलं. बसायच्या जागेचं कापड कापून झालं होतं, पाठीच्या गाद्यांचं कापायचं राहिलं होतं. गाद्या दोन, एकसारख्या. धाकटी कात्री घेऊन टेबलाशी उभी होती, कापड पसरलेलं, खडू हातात.

“लांबी?” तिनं विचारलं.

काकांनी पट्टी लावली. “तीन फूट बारा इंच.”

तिनं खडू टेकवला. खूण केली नाही. मान वर न करता म्हणाली, “चार फूट म्हणा, भाऊजी.”

काका पट्टी धरून उभे होते. त्यांनी तोंडातले खिळे काढून तळहातावर घेतले.

“चार फूट,” ते म्हणाले.

“दोन्ही?”

“दोन्ही चार.”

तिनं खूण केली आणि कात्री लावली.